छपरावर आमचीच माणसं का? – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रत्नागिरीपासून खाली मालवणपर्यंत आम्ही घरांची, गोठ्यांची, आंबा-काजूच्या शेडची आणि लहान कारखान्यांची छपरं घालतो, दुरुस्तही करतो. छपरावर चढणारा प्रत्येक माणूस आमच्या पगारावर असतो. काम घेऊन ते पुढे दुसऱ्याला अंगावर द्यायचं, ही पद्धत आम्ही ठेवलेली नाही. दर सांगितला की बहुतेकांचे प्रश्न याच गोष्टीवर येतात, म्हणून उत्तरं सविस्तर लिहिली आहेत.

काम पुढे अंगावर देत नाही, म्हणजे नेमकं काय?

आपल्याकडे छपराचं काम बऱ्याचदा असं चालतं. घरमालक एका माणसाशी बोलतो, दर ठरतो, आगाऊ रक्कम जाते. तो माणूस पत्रा आणून टाकतो आणि घालायचं काम चौरस फुटाच्या दराने दुसऱ्याला उक्तं देतो. त्या दुसऱ्याचा मुकादम ओळखीतून नाहीतर नाक्यावरून चार माणसं जमवतो. ती चार माणसं तुमच्या डोक्यावरचं छप्पर घालतात, पण ज्याने तुमच्याकडून पैसे घेतले त्याला त्यांची नावंही माहीत नसतात.

आमच्याकडे माप घ्यायला येणारा, कैची (छपराचा त्रिकोणी सांगाडा) जोडणारा, पत्रा किंवा कौल घालणारा, पन्हळ लावणारा, सगळे महिन्याच्या पगारावर आहेत. पगार बँकेत जमा होतो, भविष्य निर्वाह निधी (पीएफ) कापला जातो, आठवड्याची सुट्टी असते. चौरस फुटावर कुणालाही काही मिळत नाही. काम लवकर संपवलं म्हणून जादा नाही आणि एक दिवस जास्त लागला म्हणून कापणं नाही. या शेवटच्या गोष्टीवर पुढची बरीच उत्तरं उभी आहेत.

बाकी सगळे ठेकेदारी लावतात. तुम्हालाच ती का नको?

छप्पर चांगलं झालं की वाईट हे काम संपताना कळत नाही. एप्रिलमध्ये घातलेला पत्रा एप्रिलमध्ये चकचकीतच दिसतो. मृगाचा पाऊस पडतो तेव्हा पहिली परीक्षा होते. जुलैमधली आठ-आठ दिवसांची झड ही दुसरी. तिसरी परीक्षा चार-पाच वर्षांनी येते, खारी हवा स्क्रूची डोकी खायला लागते तेव्हा. उक्तं काम घेणाऱ्याचा हिशोब मात्र शेवटचा पत्रा बसला त्या संध्याकाळी पुरा होतो. पहिल्या पावसात तो कुठे असेल, हे त्यालाही सांगता येत नाही.

कोकणात वर्षाला साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, बहुतेक सगळा चार महिन्यांत आणि वाऱ्यासकट. कमी पावसाच्या मुलखात एखादा जोड चुकला तर वर्षानुवर्षं कुणाला पत्ता लागत नाही. इथे पहिल्याच आठवड्यात माजघरात बादली ठेवावी लागते. त्यामुळे ज्याने जोड घातला तोच माणूस जूनमध्ये फोन आल्यावर शिडी घेऊन तुमच्या दारात उभा राहिला पाहिजे, असं आमचं ठाम मत आहे. तो आमच्या पगारावर असेल तरच हे होऊ शकतं.

उक्त्या कामात नेमकं काय राहून जातं? पत्रा तर तोच असतो.

पत्रा तोच असतो. राहून जातात त्या पाच-दहा मिनिटांच्या गोष्टी.

स्क्रू घ्या. पत्र्याच्या स्क्रूखाली धातूची चकती आणि तिच्या पोटाशी रबरी वॉशर असतो. स्क्रू इतकाच आवळायचा की चकतीच्या कडेने रबर जरासं बाहेर डोकावेल, बस. जास्त आवळला की रबर चेपून फाटतं, पत्र्याला खळगा पडतो आणि त्या खळग्यात पाणी उभं राहतं. कमी आवळला की वॉशर टेकतच नाही. मशीन तिरकी धरली तर एका बाजूला रबर दाबलेलं आणि दुसऱ्या बाजूला फट, असं होतं. यातलं काहीही खालून दिसत नाही. एका मध्यम घरावर असे शेकडो स्क्रू असतात. उन्हात तापलेल्या पत्र्यावर बसून प्रत्येक स्क्रू सरळ मारायचा, तर हाताला घाई असून चालत नाही. आणि चौरस फुटाचा दर हाताला घाईच शिकवतो.

स्क्रू पत्र्याखालच्या आडव्या पट्टीवर न बसता बाजूला गेला, तर पत्र्याला मोकळं भोक राहतं. तिथे सिलिकॉन भरून पुढे सरकणं सगळ्यात सोपं. ते सिलिकॉन उन्हापावसात काही वर्षांतच सुटतं. आमच्याकडे असं भोक पडलं की मिस्त्रीला सांगायचं असतं, आणि सांगणाऱ्याला ओरडा बसत नाही. ठिगळ लावायचं की पत्रा बदलायचा हे मिस्त्री ठरवतो. उक्त्या कामावरच्या माणसाने हे सांगितलं तर पत्रा त्याच्या हिशोबातून कापला जाण्याची भीती असते. तो कशाला सांगेल?

मग कापणं. रंगीत पत्रा ग्राइंडरने झरझर कापता येतो, पण ठिणग्यांबरोबर उडालेले तापलेले लोखंडाचे कण शेजारच्या पत्र्याच्या रंगात रुतून बसतात आणि पहिल्या पावसात तिथे तांबडे ठिपके उमटतात. कापलेल्या कडेचा लेपही जळतो. म्हणून पत्रा कात्रीने किंवा निबलरने (पत्रा कुरतडत कापणाऱ्या यंत्राने) कापायचा आणि दिवस संपताना ड्रिलचा चुरा मऊ झाडूने झाडून काढायचा. हे झाडणं म्हणजे अर्ध्या तासाचं काम. कुणाच्याही दरपत्रकात ते लिहिलेलं नसतं.

आणि वारा. आपल्याकडे पावसाळी वारा समुद्राकडून, पश्चिम-नैऋत्येकडून येतो. घराचं आढं (छपराचा सगळ्यात वरचा कणा) पूर्व-पश्चिम असेल तर पत्रे पूर्वेच्या टोकाकडून घालत यायचं, म्हणजे बाजूच्या जोडाची उघडी कड वाऱ्याच्या तोंडाला राहत नाही. उलट घातलं तर वारा पाणी थेट जोडात ढकलतो. ट्रक पश्चिमेकडच्या रस्त्याला उभा असतो, पत्रे तिथेच उतरतात, आणि घाईतला माणूस तिथूनच सुरुवात करतो. खालचं घर मग दर पावसात भिजतं आणि दोष पत्र्याच्या कंपनीला जातो.

म्हणजे पोटठेकेदार वाईट काम करतात, असं म्हणायचंय का?

नाही. आमच्यातले काही चांगले कारागीर पूर्वी उक्त्या कामावरच होते. हात तेव्हाही असेच होते. तेव्हा मे महिन्यात एका वेळी तीन ठिकाणी काम धरल्याशिवाय त्यांचं भागत नसे. तीन ठिकाणी धरलं की एका घराचं छप्पर उघडं टाकून दुसरीकडे धावावं लागे. दोष त्या पद्धतीत आहे.

त्या पद्धतीत माणसाचंही नुकसान होतं आणि त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी करायची तर गेल्या वर्षभरात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. मुकादमामागून मुकादम बदलत फिरणाऱ्या माणसाने तो दाखला मागायचा कुणाकडे? कामावर सगळे त्याला ओळखतात, कागदावर मात्र तो कुणाचाच नसतो. मुलांच्या शिक्षणाची मदत, अपघातातली मदत अशा मंडळाच्या योजना त्याच्या हाताशी असून त्याला मिळत नाहीत.

कामगार छपरावरून पडला तर जबाबदारी कुणाची?

आमची. आमच्या माणसाला आमच्या कामावर इजा झाली तर त्याचा दवाखाना आणि भरपाई बघणं हे आमचं काम आहे. घरमालकाच्या दारात कुणी येणार नाही.

काम पुढे दिलं म्हणून ही जबाबदारी आमच्यावरून उतरली असती, असंही नाही. कामावरच्या अपघाताच्या भरपाईचा कायदा १९२३ सालचा. एखाद्याने स्वतःच्या धंद्यातलंच काम ठेकेदाराकडून करून घेतलं, तर ठेकेदाराच्या माणसाची भरपाईही त्या मूळ धंदेवाल्याकडून मागता येते, हे तत्त्व त्या कायद्यात होतं आणि २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेनेही ते ठेवलं आहे. आमचा धंदाच छपरांचा. मग जबाबदारी आपलीच असेल तर माणूस कुणाचा आहे, त्याला सुरक्षा पट्टा बांधता येतो का, काल रात्री तो झोपला होता का, हे आपल्याला माहीत असलेलं बरं.

कोकणात छपरावरचा सगळ्यात मोठा धोका उंचीपेक्षा जुन्या सिमेंटच्या पत्र्याचा. वरून तो धडधाकट दिसतो, शेवाळाने काळा पडलेला असतो, आणि वजन पडलं की कडकन फुटून माणूस सरळ खाली जातो. त्यावर पाय द्यायचाच नाही. आडव्या पट्ट्यांवर टेकतील अशा लांब फळ्या टाकायच्या, फळीवरूनच सरकायचं आणि पट्टा छपराच्या मुख्य सांगाड्याला बांधायचा. या फळ्या टाकून-उचलण्यात सकाळ जाते. आमच्या माणसाची सकाळ पगारात धरलेली आहे, म्हणून तो फळ्या टाकतो.

नवा मुलगा पहिला हंगाम जमिनीवर असतो: माल देणं, कापणं, दोर धरणं. त्याला छपरावर कधी घ्यायचं ते मिस्त्री ठरवतो. काम कितीही अडलं तरी यात बदल होत नाही.

पावसाळ्यात काम बंद. तेव्हाही पगार देता?

देतो. आम्हाला सगळ्यात जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि दुसऱ्या छपरवाल्यांकडूनही तो येतो.

जून ते सप्टेंबर नवं छप्पर उघडता येत नाही, पण काम नसतं असं नाही. शेडमध्ये पन्हळी वाकवणं, कैच्या वेल्ड करून प्रायमर मारून ठेवणं, आढ्यावर बसणारे कोने तयार करणं, शिड्या, दोर आणि पट्टे तपासणं चालू असतं. जुलैत लावणीच्या दिवसांत बऱ्याच जणांची शेतावर गरज असते, तेव्हा पाळीपाळीने रजा मिळते. घरची लावणी सोडून कामावर या, असं आम्ही सांगत नाही.

पावसाळ्यातलं सगळ्यात मोलाचं काम म्हणजे गळती शोधायला जाणं. पाणी जिथे टपकतं तिथून ते क्वचितच शिरलेलं असतं. ते वर कुठेतरी जोडातून आत येतं, पत्र्याच्या पोटाला धरून किंवा वाशावरून घसरत खाली येतं आणि चार-पाच हात लांब ओटीवर पडतं. भर पावसात आत उभं राहून, बॅटरी मारून तो ओला माग उलट वर शोधत जायचा असतो. एप्रिलमध्ये छप्पर घालणाऱ्या माणसाने जुलैमध्ये असे माग बघितले, की पुढच्या एप्रिलमध्ये त्याचा हात वेगळा चालतो. चिमणीभोवतीची पट्टी, जांभ्याच्या भिंतीला टेकणारा पत्रा, दोन पाखी (छपराच्या उतरत्या बाजू) मिळतात ती घळ, या जागांवर तो आपणहून जास्त वेळ देतो. उक्त्या कामावरचा माणूस पावसाळ्यात गावी गेलेला असतो. आपण घातलेलं छप्पर पावसात कसं वागतं हे त्याला कधी बघायलाच मिळत नाही. मला विचाराल तर पगारी माणसांच्या बाजूने हे एकच कारण पुरेसं आहे.

मे महिन्यात माणसं पुरतात का?

नाही पुरत. म्हणून मे महिन्यात आम्ही नवी मोठी कामं घेत नाही.

एप्रिल-मेमध्ये सगळ्या कोकणाला एकाच वेळी छप्पर आठवतं. तेव्हा बाहेरची माणसं घेऊन दुप्पट कामं करता येतील, हे आम्हालाही दिसतं. पण वळिवाचा भरवसा नसतो. दुपारी चारला आभाळ भरून येतं आणि पाचला पाणी. आमचा नियम असा की सकाळी तेवढंच छप्पर उघडायचं जेवढं संध्याकाळी बंद होईल, आणि जेवढी माणसं हाताशी आहेत तेवढ्यांतच. उघडं घर सोडून तुकडी दुसऱ्या गावाला गेली, असं होत नाही. यामुळे काही लोकांना ‘आता नाही, दिवाळीनंतर’ असं सांगावं लागतं. त्यांची नाराजी आम्हाला समजते.

गणपतीत आणि शिमग्यात?

बंद. पालखी दारात आली की कुणी छपरावर नसतं. तारखा देताना हे दिवस आधीच वगळून देतो.

आमचं घर जुनं कौलारू आहे. त्यालाही हे सगळं लागू होतं?

जास्तच लागू होतं. मंगलोरी कौलांचा पहिला कारखाना बासेल मिशनने १८६५ साली मंगळुरात काढला. त्यानंतर त्याच नमुन्याची कौलं अनेक कारखान्यांनी काढली आणि किनाऱ्याने ती आपल्याकडे आली. कौल उलटं करून बघा, पोटावर कारखान्याचं नाव आणि छाप दिसेल. प्रत्येक कारखान्याच्या कौलाची लांबी, खाचेची जागा जराशी वेगळी. एका कारखान्याच्या मापाने मारलेल्या रिपांवर (कौलांखालच्या आडव्या लाकडी पट्ट्यांवर) दुसऱ्याचं कौल ठेवलं तर ते बसल्यासारखं दिसतं, पण खाचेत अडकत नाही. वारा सुटला की उचलतं आणि तिरक्या पावसात आत पाणी येतं.

म्हणून कौलं उतरवताना छाप बघून वेगवेगळी रचायची, फुटलेली बाजूला काढायची, एकेका पाखीवर एकाच छापाची कौलं जातील असं बघायचं आणि उरलेली मागच्या पडवीला वापरायची. यात डोकं आणि वेळ दोन्ही लागतं. चौरस फुटावर काम करणाऱ्याला दोन्ही परवडत नाही. तो हाताला येईल ते कौल चढवतो.

कौलांवर चालणं हीसुद्धा शिकायची गोष्ट आहे. कौल जिथे खालच्या रिपेवर टेकतं त्याच जागी पाय पडला पाहिजे, मध्ये पडला तर कौल फुटतं. नवख्या माणसाने दोन फुटकी बदलायला वर चढून चार फोडून खाली यायचं, हे कोकणात कुणाला सांगायला नको. वानरांच्या नावावर जी फुटकी कौलं जातात, त्यांतली बरीच माणसांच्या पायांची असतात.

वासे, तुळई किंवा खांब खराब असतील तर ते आमचं काम नाही. सुतार बघेल.

मग बाहेरची माणसं तुम्ही कधीच घेत नाही का?

घेतो, पण छप्पर घालायला नाही. सुतार, गवंडी, क्रेनवाला, वीजवाहक (आभाळातली वीज जमिनीत नेणारी पट्टी) बसवणारा, सौर पॅनेलवाला हे आपापल्या कामातले जाणकार असतात, आणि ते कोण आहेत हे तुम्हाला आधी सांगितलं जातं.

फक्त ते छपरावर असताना आमचा एक माणूस तिथे थांबतो. कारण छप्पर आमच्या हातून चांगलं झालं तरी नंतर चढणाऱ्याकडून बिघडू शकतं. किनाऱ्यावर आम्ही बहुधा जो गॅल्व्हल्यूम पत्रा वापरतो, त्याच्या लेपात ५५ टक्के अॅल्युमिनियम आणि बाकी बहुतेक जस्त असतं. त्यावर गवंड्याचा ओला सिमेंटचा माल पडून राहिला तर तो लेप खातो. वीजवाहकाची तांब्याची पट्टी थेट पत्र्यावर टेकवली, किंवा तांब्यावरून ओघळलेलं पाणी पत्र्यावर पडत राहिलं, तर पत्रा तिथे झपाट्याने गंजतो. गवंड्याला हे माहीत असायचं कारण नाही. त्याला सांगणं, पडलेला माल ओला असतानाच धुऊन टाकणं आणि पट्टीखाली आधार द्यायला लावणं, हे थांबलेल्या माणसाचं काम.

तुमचा दर जास्त का आहे?

कारण त्यात पावसाळ्याचे पगार आहेत, रजा आहेत, भविष्य निर्वाह निधीतला आमचा १२ टक्क्यांचा वाटा आहे, विमा आहे, पट्टे आणि दोर आहेत, फळ्या टाकण्यात गेलेली सकाळ आहे. किनाऱ्यासाठी वेगळा लेप असलेला स्क्रू साध्या स्क्रूपेक्षा महाग पडतो, तोही त्यात आहे.

दरपत्रकात माल आणि मजुरी वेगळी दाखवतो. मालाचा भाव तुम्ही बाहेर विचारून ताडून बघा. फरक मजुरीत दिसेल आणि तो का आहे हे वर लिहिलं आहे.

प्रत्येकाने आमच्याकडेच यावं असं मात्र नाही. चार बांबूंवरचा मांगर, लाकडं झाकायला पडवीपुढे काढलेली तात्पुरती शेड, एका पावसाळ्यापुरतं आडोशाचं काम यासाठी गावातला माणूस घ्या. तो आमच्यापेक्षा स्वस्तात आणि लवकर करून देईल. माणसं ज्याखाली झोपणार, किंवा वर्षाचा माल ज्याखाली राहणार, तिथे विचार करा.

वादळात छप्पर उडालं तर तुमची माणसं किती पुरणार?

३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं. श्रीवर्धन, मुरूडबरोबर इकडे दापोली, मंडणगडातही अनेक घरांवर पत्रा-कौल राहिलं नाही. पुढच्याच मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याकिनाऱ्याने वर सरकलं. अशा वेळी माल आणि माणसं दोन्हींची टंचाई होते आणि मिळेल त्याच्याकडून काम करून घेण्यावाचून लोकांना पर्याय नसतो. त्यांना आम्ही काय शिकवणार?

आमच्यापुरतं सांगतो. वादळानंतर आमची सगळी माणसं आधी ताडपत्र्या बांधायला जातात. ज्यांचं छप्पर आम्ही घातलं आहे त्यांच्याकडे प्रथम, मग शेजारपाजार. तेव्हा आम्ही नवी कंत्राटं करत नाही आणि दरही वाढवत नाही. माणसं मोजकी आहेत, त्यामुळे पुढच्या वाडीला उशीर होतो.

वाऱ्याचा ओढा छपराच्या कडांना, कोपऱ्यांना आणि आढ्यापाशी सगळ्यात जास्त असतो, म्हणून त्या पट्ट्यांत आम्ही स्क्रू जवळजवळ मारतो. वादळात पत्रा बहुधा वळचणीच्या कोपऱ्यातून उचलायला लागतो आणि मग सोलल्यासारखा पुढे जातो. तुमचं छप्पर कुणीही घातलेलं असो, कोपऱ्यातले स्क्रू एकदा तपासून घ्या.

आम्ही मुंबईला असतो, घर बंद असतं. कामावर लक्ष कोण ठेवणार?

चाकरमान्यांची ही चिंता खरी आहे. किल्ली शेजारच्या काकांकडे, काका शेतावर, आणि घरात कोण येतंय-जातंय ते कुणालाच माहीत नाही.

काम सुरू होण्याआधी येणाऱ्या माणसांची नावं आणि फोटो तुम्हाला आणि किल्लीवाल्याला पाठवतो. मधेच माणसं बदलत नाहीत. कुणी आजारी पडला तर बदलीचं नाव आधी कळवतो. रोज संध्याकाळी छपराचे फोटो येतात, आणि त्यात स्क्रूचे, भिंतीच्या जोडाचे जवळून घेतलेले फोटो मागायचा तुम्हाला हक्क आहे. उतरवलेली चांगली कौलं आणि जुनं लाकूड मोजून घराच्या मागे रचून ठेवतो. ती तुमचीच.

गळलं तर?

तुमच्या छपराची नोंद आमच्याकडे असते: पत्रा कुठल्या लॉटचा, स्क्रू कुठला, कुठल्या पाखीवर कोण होतं. फोन आला की शक्यतो त्याच माणसाला पाठवतो. तो आल्या-आल्या ‘इथे चिमणीची पट्टी आपण दोन तुकड्यांत जोडली होती’ असं म्हणतो, आणि अर्धा शोध तिथेच संपतो. दोष आमच्या कामाचा असेल तर पैसे घेत नाही. झावळी किंवा नारळ पडून पत्रा चेपला असेल तर सांगून घेतो.

तुमची माणसं खरंच पगारी आहेत, हे आम्हाला कसं कळणार?

छपरावरच्या कुणालाही विचारा: पगार कोण देतं, पीएफचा नंबर आहे का. आम्ही समोर नसताना विचारा.

दुसऱ्या कुणाला काम देणार असाल तरी दोन-तीन गोष्टी जरूर विचारा. छपरावर चढणारी माणसं कुणाची, त्यांचा अपघात विमा आहे का, आणि जूनमध्ये गळलं तर नेमकं कोण येणार, नाव सांगा. पीएफ नसेल तर लगेच संशय घेऊ नका. वीसपेक्षा कमी माणसं असलेल्या लहान धंद्याला तो सक्तीचा नाही, आणि बाप-लेक मिळून उत्तम छप्पर घालणारी घरं कोकणात आहेत. पण विमा हवाच. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला २० रुपयांत २ लाखांचं अपघाती संरक्षण मिळतं. एवढंही ज्याने आपल्या माणसांसाठी केलेलं नाही, त्याला तुमच्या छपरावर चढवू नका.

आमच्या गावातल्या मुलाला काम मिळेल का?

जागा असेल तेव्हा जरूर. पावसाळ्यात या, तेव्हा शिकवायला वेळ असतो. वेल्डिंगचा आयटीआय असेल तर चांगलं, नसेल तरी चालतं. वय १८ पूर्ण हवं. उंचीची भीती वाटते असं पहिल्याच दिवशी सांगणारा मुलगा आम्हाला आवडतो, त्याला आम्ही खालच्या कामावर घेतो.

काम कधी सांगावं?

दसरा-दिवाळीच्या सुमारास. पाऊस नुकताच ओसरलेला असतो, भिंतीवरचे ओघळ आणि वाशांवरचे ओले डाग अजून ताजे असतात. त्यावरून पाणी कुठून आलं हे माप घ्यायला आलेल्या माणसाला वाचता येतं. मार्चपर्यंत ते डाग वाळतात, कुणीतरी चुनाही मारून टाकतं. त्याआधी शक्य असेल तर डागांचे फोटो काढून ठेवा आणि बादली कुठे ठेवावी लागत होती तिथे फरशीवर खडूने खूण करा.